ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांचे आरोग्य व बागाइतदारांचे कर्तव्य

बेण्याची निवड, लागणीचा हंगाम, खताच्या मात्रा, पाण्याच्या पाळ्या, खोडव्याची निगा ह्या विषयांवर शेतकी मासिकांतून पुष्कळ लिहिले जाते, व ते योग्यच आहे. परंतु बारा-चौदा महिने वाढविलेला ऊस ज्या हातांनी तुटून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत पोहोचतो, त्या हातांविषयी बागाइतदारांच्या वाचनात सहसा काही येत नाही. आले तर ते 'टोळी वेळेवर आली नाही', 'खुशालीवाचून कोयता लावीत नाहीत' अशा तक्रारींच्या रूपाने येते. ह्या तक्रारी खोट्या आहेत असे आमचे म्हणणे नाही. तथापि तोडणीच्या ज्या पद्धतीतून त्या उद्भवतात, त्याच पद्धतीतून एक फार गंभीर गोष्ट उद्भवली आहे. ती म्हणजे तोडणीस येणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये ऐन उमेदीच्या वयात काढून टाकिली जाणे. बीडकडील बायकांच्या बोलण्यात ह्या शस्त्रक्रियेस 'पिशवी काढणे' म्हणतात. हा विषय संकोचाचा आहे हे आम्ही जाणतो. परंतु संकोच बाळगून जो विषय टाळला जातो, तो आपोआप मिटत नाही.

बीड जिल्ह्यात अशा शस्त्रक्रिया फार होतात अशी ओरड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमिली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण साऱ्या देशाकरिता शेकडा ३.३ इतके होते. दोन पाहण्यांची रीत निराळी असल्याने आकड्यास आकडा तंतोतंत लावून पाहता येणार नाही हे खरे. परंतु शेकडा तीन व शेकडा सतरा यांमधील अंतर केवळ रीतीच्या फरकाने पडत नसते.

आता ह्यात दोष डॉक्टरांचा, असे म्हणून स्वस्थ बसणे सोपे आहे. काही खासगी दवाखान्यांनी साध्या विकारावर सरसकट शस्त्रक्रिया सुचविली, 'पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल' अशी भीती घातली, हे लपून राहिलेले नाही. त्यावर उपायही झाले. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अनुमतीवाचून खासगी दवाखान्यात गर्भाशय काढू नये असा निर्बंध बीड जिल्ह्यात आला. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याविषयी केंद्राने घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्यास सर्व राज्यांना फर्माविले. हे सर्व अवश्य होते. परंतु डॉक्टराने सुचविले म्हणून मोठे ऑपरेशन पत्करण्यास स्त्री इतकी तयार का असते, हा प्रश्न त्याने सुटत नाही. आमच्या मते त्याचे उत्तर दवाखान्यात शोधण्यापेक्षा तोडणीच्या करारात शोधिले पाहिजे.

तो करार कसा असतो ते आमच्या वाचकांस ठाऊक आहे. तरी तो स्त्रीच्या बाजूने एकदा वाचून पाहावा. तोडणीचा हिशेब माणसांवर चालत नाही, कोयत्यावर चालतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत मुकादम प्रत्येक कोयत्यास उचल देतो. ती पन्नास हजारांपासून लाखापर्यंत, क्वचित त्याहून अधिकही असते. पुढे पाच-सहा महिने ती अंगमेहनतीने फेडावयाची. उचल नवऱ्याच्या नावे, हिशेब नवऱ्याशी, आणि मेहनत मात्र दोघांची. ज्या दिवशी दोघांपैकी एकजण फडावर येत नाही त्या दिवशी कोयता मोडतो व 'खाडा' पडतो. खाड्यापोटी पाचशे रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम कापण्याची चाल पुष्कळ टोळ्यांत आहे.

ह्याचे गणित मांडून पाहू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनास २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ रुपये झाला. चांगल्या उसात एका कोयत्याने दिवसास दोन टन तोडले असे धरल्यास त्या दराने दोघांची मिळकत ७३२ रुपये होते. स्त्रीने एक दिवस विश्रांती घेतली व त्यामुळे कोयता बसून राहिला, तर हे ७३२ रुपये गेले आणि वर खाड्याचे ५०० अंगावर आले; एकूण १,२३२ रुपये. महिन्याच्या अडचणीत दोन दिवस घरी राहणे म्हणजे अडीच हजारांचा खड्डा, आणि हंगामात असे पाच-सहा महिने येतात. बैल आजारी पडला तर त्याचा मालक त्यास गाडीस जुंपीत नाही, कारण बैल मेल्यास नुकसान त्याचे असते. येथे स्त्रीच्या शरीराची झीज कोणाच्याच खात्यावर पडत नाही. ती ज्याची त्याने सोसावयाची. असा हिशेब वर्षानुवर्षे डोळ्यांपुढे असलेल्या बाईस कोणी सांगितले की, एकदा पिशवी काढली म्हणजे ही कटकट कायमची संपेल, तर तिला त्यात तथ्य वाटावे यात नवल ते काय?

त्यात कामाची तऱ्हा पाहावी. तुटलेला ऊस पडून राहिला की त्यातील साखर उतरू लागते, म्हणून तो चोवीस तासांच्या आत गाळला जावा असा कारखान्याचा आग्रह असतो, आणि तो शास्त्रशुद्ध आहे. परंतु ह्या घाईचा भार कोठे पडतो? पहाटे चारला उठून भाकऱ्या भाजणे, उजाडण्यापूर्वी फडात जाणे, नवऱ्याने तोडलेला ऊस साळून मोळ्या बांधणे, आणि डोकी सेंटरच्या टोळ्यांत तर त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढविणे. वाहन रात्री दोनला आले तर रात्री दोनला भरणी. गरोदर स्त्रिया पुष्कळदा दिवस भरत येईपर्यंत, आणि बाळंतिणी थोड्याच आठवड्यांत, ह्याच फळीवर चढतात. उघड्या माळावर ताडपत्रीच्या कोप्या. तेथे न्हाणी नाही, संडास नाही, आणि पाणी कोठून तरी आणावयाचे. दिवसा आडोसा नसल्याने लघवी तुंबवून ठेवावी लागते, ती लागू नये म्हणून पाणीच कमी पिले जाते, आणि पाळीच्या दिवसांत कापड बदलण्यास व धुण्यास सोय नसते.

ह्या हालांचे परिणाम वैद्यकदृष्ट्या अगदी सरळ आहेत. अस्वच्छतेने व उपचाराच्या अभावी जननमार्गास जंतुसंसर्ग होतो. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट व कंबर दुखते. लघवी तुंबविल्याने मूत्रमार्गास दाह होतो. बाळंतपणानंतर लवकर ओझी उचलल्याने गर्भाशयाचे बंध सैल होऊन ते खाली सरकण्याचा संभव वाढतो. ह्यांपैकी जंतुसंसर्ग बहुधा औषधाच्या गोळ्यांनी बरा होतो. मात्र औषधाचा क्रम पुरा करावा लागतो व नवऱ्यासही उपचार घ्यावा लागतो, नाही तर विकार परत येतो. अतिरिक्त रक्तस्रावावरही प्रथम गोळ्या व इतर सौम्य उपाय आहेत. गर्भाशय काढणे खरोखर अवश्य असते ते कर्करोगात, फार मोठ्या गाठींत, कोणत्याही उपायाने न थांबणाऱ्या रक्तस्रावात, किंवा अंग फारच बाहेर आल्यास. अशा वेळी ती शस्त्रक्रिया जीव वाचविते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. कोणी भगिनीने हा लेख ऐकून अवश्य असलेली शस्त्रक्रिया टाळू नये.

परंतु तिशीच्या आत-बाहेर, कारण नसता, ती केल्यास पुढे काय होते? गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाण्याच्या वयात होणारे सर्व फरक एकाएकी अंगावर येतात. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोश ठेविले तरी त्यांचे कार्य काही वर्षे आधीच मंदावण्याचा संभव असतो. म्हणजे ज्या कंबरेच्या दुखण्यावर उपाय म्हणून बाई दवाखान्यात गेली, ते दुखणे नव्या कारणाने परत येते. खासगी दवाखान्याचे बिल बहुधा रोख भरावे लागते. ते मुकादमाकडून आणखी उचल घेऊन भरले जाते, आणि ती फेडण्याकरिता पुढल्या हंगामात तीच बाई पुन्हा फडात उभी राहते. इतके सर्व झाल्यावर तिला जी सुटका मिळते ती एवढीच, की आता पाळीपायी तिचा खाडा पडत नाही.

कर्करोगाच्या भीतीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य वाटते, कारण ती भीती निराधार नाही. चुकीचा आहे तो तिच्यावरील उपाय. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग ग्रामीण स्त्रियांत आढळतो. परंतु तो होण्यापूर्वी काही वर्षे त्याची चाहूल लागते, आणि ती साध्या तपासणीने ओळखता येते. ह्याचे सर्वांत मोठे प्रमाण आमच्या शेजारीच मिळालेले आहे. पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील खेड्यांत बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने व मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या साहाय्याने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर एक प्रयोग चालविला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही नावाच्या विषाणूकरिता एकदाच तपासणी करून दोष आढळलेल्यांवर उपचार केलेल्या गटात ह्या रोगाने होणारे मृत्यू जवळ जवळ निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयानेच केलेल्या दुसऱ्या प्रयोगात तर बेताचे शिक्षण झालेल्या, परंतु नीट तयार केलेल्या, आरोग्यसेविकांनी सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली. त्यानेही मृत्यूंत सुमारे ३१ टक्के घट झाली. म्हणजे ज्या जिल्ह्यांतून तोडणीच्या टोळ्या निघतात त्यांच्याच अंगणात हा उपाय सिद्ध झालेला आहे. त्यास पिशवी काढावी लागत नाही. एक दिवस लागतो, आणि नेमका तो दिवसच खाड्याच्या धाकाने मिळत नाही.

सरकारने काय केले आहे व काय राहिले आहे, हे आता पाहू. उपर्युक्त समितीच्या शिफारशींत ऊसतोड मजुरांची नोंदणी, हंगामास जाण्यापूर्वी व परत आल्यावर स्त्रियांची आरोग्य-तपासणी, आणि कामाच्या ठिकाणी शौचालयादी सोयी ह्यांवर भर होता. पुढे ऊसतोड कामगारांकरिता गोपीनाथ मुंडे यांच्या नावे कल्याणकारी महामंडळ उभे राहिले, गावोगाव ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रे देण्याचे ठरले, व मजुरांच्या मुलांमुलींसाठी वसतिगृहे काढण्याची योजना आली. महामंडळाच्या खर्चाकरिता कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यावे व सरकारने तितकीच भर घालावी अशी तरतूद झाली. राज्यात साधारणपणे दहा कोटी टन गाळप होते असे धरले तर कारखान्यांकडूनच शंभर कोटी रुपये उभे राहावयास हवेत. पैशाच्या अभावी स्त्रियांची तपासणी होऊ शकत नाही असे म्हणण्यास ह्यामुळे जागा उरत नाही.

परंतु ह्या सर्व योजना एका जागी अडतात. बाई सहा महिने बीडची असते व सहा महिने सांगली-कोल्हापूर-सोलापूरची, कधी बेळगावकडचीही. तिची आशा सेविका, तिची अंगणवाडी, तिचा आरोग्यकेंद्रातील कागद, सारे गावी राहते. फडाजवळच्या आरोग्यकेंद्रास ती आपली वाटत नाही. शिवाय कायद्याच्या दृष्टीने ती कोणाची नोकर, हेच ठरलेले नाही. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, माझा मुकादमाशी. आणि मुकादम म्हणतो, मीही मजूरच. १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा २०१७ मध्ये सुधारून रजा २६ आठवड्यांची झाली, पण ज्या स्त्रीचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही तिला त्याचा उपयोग नाही. परप्रांतात जाणाऱ्या मजुरांकरिता १९७९ मध्ये कायदा झाला, तोही राज्यातल्या राज्यात फिरणाऱ्यास लागू पडत नव्हता.

ह्या गुंत्यातून वाट निघू शकते असे आम्हांस वाटते, व तिचा नमुना महाराष्ट्रातच आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने बाजारपेठांतील हमालांचा असाच अनेक धन्यांचा गुंता सोडविला. मालक कोणीही असो, त्याने मजुरी व तीवरील ठरीव वर्गणी मंडळाकडे भरावयाची. मंडळाने हमालास मजुरी, भविष्यनिर्वाह निधी व औषधोपचार द्यावयाचा. डोक्यावर मोळी घेऊन फळी चढणारी बाई हमालाहून निराळे काय करते? तिची मजुरी तिच्याच नावाच्या खात्यावर जमा होऊ लागली, तर पहिल्याच हंगामात दोन गोष्टी होतील: कोयत्यातील निम्मा वाटा तिचा हे कागदावर येईल, आणि तिच्या आजाराच्या दिवसास कोणीतरी जबाबदार ठरेल. आज तिच्या हाती थेट येणारा पैसा म्हणजे फार तर वाढे विकून येणारे चार रुपये.

आता आमच्या बागाइतदार वाचकांकडे वळतो. 'मजुरांचा प्रश्न मुकादमाचा व कारखान्याचा. त्यात आम्ही काय करणार?' असे पुष्कळांस वाटेल. परंतु तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातूनच वजा होतो, हे प्रत्येकजण आपल्या बिलावर पाहतो. म्हणजे मजुरी व मुकादमाचे कमिशन दोन्ही शेवटी आपल्याच खिशातून जातात. पैसे देणारा आपण, आणि ते कोणत्या अटींवर खर्च व्हावेत ह्याविषयी मात्र मौन, ही स्थिती व्यवहारालाही धरून नाही. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी कारखानदारी सुरू झाली तेव्हा तिच्या मुळाशी विचार होता तो ऊसकऱ्याने आपल्या मालाचा धनी व्हावे हा. धनी झाल्यावर धन्याची जबाबदारीही येते.

आपल्या शेतापुरते तर उद्याच करण्याजोगे आहे. टोळी येण्याच्या आदल्या दिवशी बांधाजवळ, विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर, दोन फूट रुंद व चार फूट खोल खड्डा खणावा, त्यावर दोन फळ्या टाकाव्या, चार बांबू रोवून जुनी ताडपत्री गुंडाळावी व शेजारी राखेची पाटी ठेवावी. गड्याचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. तोडणी संपल्यावर खड्डा बुजवावा, जमिनीस काही अपाय नाही. विजेची पाळी असेल त्या वेळी पिंप भरून ठेवावे. पिण्याचे पाणी निराळे झाकून द्यावे. गावच्या आशा सेविकेस टोळी उतरल्याचे कळवावे, टोळीत गरोदर स्त्री असल्यास आवर्जून कळवावे. एवढ्याने पद्धत बदलणार नाही हे आम्ही जाणतो, परंतु त्या आठ दिवसांत त्या स्त्रियांस पाणी पोटभर पिता येईल.

कोणी म्हणेल, यंत्रे आली की हा प्रश्नच उरणार नाही. तोडणीयंत्रे वाढत आहेत व त्यांस सरकारी साहाय्यही आहे. परंतु त्यांस रुंद सरी व मोठे सलग क्षेत्र लागते, आणि पाऊण एकराच्या तुकड्यात ती फिरत नाहीत. शिवाय यंत्राने स्त्रीची फडातील हालअपेष्टा टळेल, पण पोटापाण्याचे काय? बालाघाटच्या डोंगराळ मुलखात घरी राहून जगता येईल असे काही असते तर इतके लोक संसार गाडीवर घालून निघालेच नसते. त्या बाजूस साधने अगदीच नाहीत असे नव्हे. बीडच्या सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शेळीपालन, दूध, तुतीवरील रेशीम हे धंदे तेथे चालतात. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून स्त्रियांच्या उद्योगाकरिता काम करीत आहे, व बचत गटही गावोगाव आहेत. पण सहा महिने परगावी असलेल्या बाईचे गटातील हप्ते चुकतात, आणि हप्ते चुकले की बँकेचे कर्ज मिळत नाही. मग ती पुन्हा मुकादमाच्याच दारी जाते. उचल घेतली जाते ती पेरणी, आजारपण व लग्न ह्यांकरिता, पावसाळ्यापासून पुढे. तेव्हा गटाचे कर्ज किंवा गावात रोजगार द्यावयाचा तो त्याच महिन्यांत दिला पाहिजे. मार्गशीर्षात दिलेले काम टोळी निघून गेल्यावर मिळते.

लग्नाचा उल्लेख ओघाने आला. पुऱ्या कोयत्यास उचल अधिक, म्हणून मुलांची लग्ने लवकर उरकली जातात. २०१९-२१ च्या पाहणीत बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ४३.७ जणींचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी झालेले आढळले. साऱ्या राज्याचे प्रमाण शेकडा २१.९ होते. पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न, विशीपर्यंत दोन-तीन बाळंतपणे, आणि तिशीत पिशवी काढणे, अशी ही साखळी आहे. वसतिगृहात राहून शिकणारी प्रत्येक मुलगी तिची एक कडी तोडते. म्हणून त्या वसतिगृहांकडे नुसती शिक्षणखात्याची बाब म्हणून पाहू नये.

सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत भरवावयाच्या असतात, आणि टोळ्यांचे करारही त्याच सुमारास पुरे होत असतात. आमच्या सभासद-वाचकांनी यंदा आपापल्या कारखान्याकडे तीन कलमांचा ठराव लेखी पाठवावा: पाळी, आजार, गरोदरपण व बाळंतपण ह्यांकरिता खाडा कापू नये, अशी अट मुकादमाच्या करारात घालावी, कोयत्याच्या मजुरीचा निम्मा भाग स्त्रीच्या स्वतःच्या खात्यावर भरावा, आणि हंगामात निदान दोनदा, प्रत्येक गट कार्यालयाशी, स्त्री-डॉक्टरांकडून तपासणीचा दिवस ठेवून त्या दिवसाची मजुरी कापू नये. ठराव सभेची नोटीस निघण्यापूर्वी द्यावा, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येईल; आणि त्यावर निदान एक-दोन बागाइतदार भगिनींच्याही सह्या घ्याव्या, कारण पुष्कळ कारखान्यांच्या सभासद-यादीत स्त्रियांची नावे असतात, पण सभेत त्यांच्या जागी घरचा पुरुष बसलेला असतो.